भाताचे डोहाळे

अंगणातल्या रायआवळ्याला या बहरात फळ फार धरले होते, आणि ते कोणी खात नव्हते. पिवळट हिरवे घोस फांद्यांना अगदी खोडापर्यंत लगडले होते. वाऱ्याची लहर आली की त्यांतली काही फळे पावसाच्या पाण्याने भरलेल्या रांजणांच्या झाकणांवर टपटपत, काही लाकडी जिन्यावरून घरंगळत थेट कालव्यात जात आणि तिथे क्षणभर तरंगून बुडत. थविन रोज सकाळी ती झाडून काढी. झाडताना त्याला वाटे, आज नुअन, त्याची बायको, एखादे तरी उचलील. ती पायरीवर भाजी निवडत बसलेली असे. एखादे फळ गडगडत तिच्या पायाशी येऊन थांबे, आणि ती पाय किंचित बाजूला घेई.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या पोटात बाळ होते. तेव्हा याच झाडाखाली बसून ती सकाळ-दुपार रायआवळे खात असे. लाल मिरची, मीठ आणि चिमूटभर साखर थविन खलून देई, केळीच्या पानाच्या पुडीत घालून, नारळाच्या हिराची काडी टोचून. ती पुडी उघडताना नुअनच्या चेहऱ्यावर जे लोभी हसू येई, ते पाहायला तो स्वयंपाक अर्धा टाकून जिन्यात येऊन उभा राही. पुढे खाचरांत भात पेरायचे दिवस आले आणि त्याच दिवसांत बाळ गेले. जगात यायच्या आधीच गेले. नुअन मोठ्याने रडली नाही. ती उठली, कामाला लागली, पाहुण्यांची ताटे वाढू लागली. गावातल्या बायका मात्र आपापसांत म्हणत की हिचा जीव अंगातून उठून कुठेतरी निघून गेला आहे, घरात वावरते ती नुसती सावली.

थविनला ती सावलीही हवी होती. पण हे कसे सांगावे ते त्याला येत नव्हते. लहानपणापासून तो शब्दांपेक्षा हातांनीच बोलत आला होता. सुपानबुरीच्या त्या सखल मुलखात, जिथे पावसाळा संपला तरी घराच्या खांबांशी पाणी रेंगाळत असते, त्याचे खांबांवरचे घर पाहुण्यांसाठी खुले होते. दुरून आलेली माणसे तिथे चार दिवस राहत, त्याच्या हातचे जेवत, आणि जाताना त्याचे हात धरून काहीबाही बोलत. तो मान खाली घालून हसे. नुअनने मागच्या आठवड्यात सांगितले होते, “शनिवारी पाहुण्यांच्या गाडीतून मी रयोंगला बहिणीकडे जाणार आहे.” तेव्हाही त्याने मान हलवली होती, आणि मग कितीतरी वेळ कालव्याकडे बघत बसला होता.

गुरुवारी संध्याकाळी विलाई पाहुणे घेऊन आली. विलाई ही बँकॉकहून माणसे आणणारी, डोक्यावर कायम मोठी गवती टोपी असलेली आणि झोपेतही बोलत असावी अशी बाई. या वेळी तिच्याबरोबर बँकॉकचे एक निवृत्त जोडपे होते आणि समुद्रापलीकडच्या कुठल्या देशातले दोघे-तिघे. त्यांतला एक इतका उंच, की घरात शिरताना त्याने दोनदा कपाळ आपटून घेतले आणि दोन्ही वेळा चौकटीचीच क्षमा मागितली. ते सारे शुक्रवारसाठी आले होते. शुक्र आणि सुख यांचा थाई बोलीत एकच उच्चार होतो, म्हणून शेताचे शुभ काम शुक्रवारीच करायचे असते. आणि या शुक्रवारी भाताला, म्हणजे भातात राहणाऱ्या भातआईला, हाक मारायची होती. खाचरांतले भात पोटरीत आले होते. पाती गोल फुगली होती, आत कणीस होते. गावात कोणी ‘पोटरी’ म्हणत नसे. म्हणत, तिला दिवस गेले आहेत.

जेवणात पहिल्या गारठ्याबरोबर आलेला कडुनिंबाचा मोहर होता, उकळत्या पाण्यातून काढलेला, सोबत चिंच-गुळाचा दाट रस आणि निखाऱ्यावर भाजलेली मरळ. उंच पाहुण्याने मोहर नुसताच तोंडात टाकला आणि त्याचे डोळे विस्फारले.

“अहो, रसात बुडवा, रसात!” विलाई ओरडली. “नुसता तर म्हशीसुद्धा खात नाहीत!”

त्याच वेळी जिन्यावर चेममावशी आणि लमैकाकू दिसल्या. चेममावशी म्हणजे गावाच्या वतीने भातआईशी बोलणारी. तिच्या सासूनंतर दर वर्षी हाक तीच मारी, कारण हे बायकांचे काम, पुरुषाने त्या वेळी खाचरात पायही घालायचा नाही. लमैकाकू तिची शेजारीण, जिभेला हाड नसलेली. मावशीने तोंड उघडले, तर घशातून नुसता वाऱ्याचा आवाज आला.

“घसा बसला गं,” ती कुजबुजली.

“कधीपासून?” विलाईनेही नकळत कुजबुजून विचारले.

“कालपासून.”

“मग उद्या कसं?” बँकॉकच्या बाईनेही कुजबुजतच विचारले, आणि मग सगळेच एकमेकांकडे बघून हसू लागले.

“हसा, हसा,” लमैकाकू म्हणाली. “दोन दिवस सांगतेय, बर्फाचं पाणी पिऊ नकोस, पिऊ नकोस. आता भाताला काय खुणा करून बोलावणार?”

चेममावशीने हात वर केला. “नुअन मारेल हाक.”

नुअन हातात डाव घेऊन रसाचे भांडे ढवळत होती. तिचा हात थांबला.

“मी नको, मावशी.”

“का नको?”

“आता हिला कशाला गळ घालतेस,” लमैकाकू घाईने म्हणाली. “भाताला दिवस गेलेले, आणि हिचं तर...” तिने वाक्य अर्धेच गिळले आणि उगाचच खांद्यावरच्या पंचाशी चाळा करू लागली.

“जिला आंबट खावंसं वाटलेलं असतं, तिची हाक ऐकू जाते,” मावशी तितक्याच हळू म्हणाली. “बाकी काही लागत नाही त्याला.”

नुअनने डाव भांड्याच्या काठावर नीट ठेवला. “मावशी, हाक मारणारीला शेवटी काय म्हणावं लागतं? दाणा भरला की मीच तुला न्यायला येईन. आणि मग कापणीला तिनंच पहिली पेंढी उचलून कोठारात न्यायची असते. दुसऱ्या कुणी उचलून चालत नाही ना?”

“नाही चालत.”

“म्हणून नको.”

“अगं, रयोंग काय चंद्रावर आहे?” विलाई म्हणाली. “कापणीला ये की परत! मीच आणते तुला, पाहुण्यांच्या गाडीत, फुकट.”

“नाही,” नुअन म्हणाली. “मी परत नाही येणार.”

ती हे इतक्या साध्या आवाजात बोलली, की पाहुण्यांतल्या कोणाचे लक्षही गेले नाही. थविन चुलीशी मासा उलटत होता. तिने हे त्याला कधीच सांगितले नव्हते. आज भाताला नकार देताना ते तिच्या तोंडून गेले, आणि त्याच्या कानांवर आले. मरळीची कातडी निखाऱ्यावर तडतडत राहिली. ती करपल्याचा वास सुटला, तेव्हा लमैकाकूनेच ओरडून त्याला भानावर आणले.

“ठीक आहे,” चेममावशी उठत कुजबुजली. “मीच मारीन, निघेल त्या आवाजात. भाताचे कान तिखट असतात. थविन, डोहाळ्यांची टोपली तेवढी तू भर रे बाळा.”

सकाळी धुके इतके दाट होते, की समोरचा काठ नाहीसा झाला होता. कालव्यातून भिक्षूंची होडी आली तीही आधी वल्ह्याच्या आवाजातून, मग भगव्या रंगाच्या एका पुसट डागातून. नुअनने पाणवठ्यावर बसून वाडग्यात भात वाढला, कपाळाला हात जोडले, आणि होडी पुन्हा पांढऱ्यात विरघळली. थविन वरून बघत होता. त्याला वाटले, माणसे अशीच जातात. आवाज नाही, लाट नाही, नुसता डाग पुसट होत जातो. आपण काठावर असतो, हात जोडलेले असतात, आणि जोडलेल्या हातांनी कोणाला धरता येत नाही.

मग तो टोपली भरायला बसला. रात्रभर त्याचा डोळा लागला नव्हता. धुक्यात आणि त्याच्या डोक्यात फारसा फरक उरला नव्हता. वेताच्या टोपलीत त्याने लहान आरसा ठेवला, कंगवा ठेवला, वासाची पावडर ठेवली, कारण पोटुशीला नटायची हौस असते. आता आंबटगोड खाणे. तो झाडावर चढला, दंवाने ओल्या झालेल्या फांद्यांतून हात घालून टपोरी फळे तेवढी निवडून तोडली. खाली येऊन खल घेतला. मिरची, मीठ, चिमूटभर साखर. हात आपोआप खलत होते. मनात एकच वाक्य फिरत होते, मी परत नाही येणार, मी परत नाही येणार. आणि बत्त्याचा ठेकाही त्याच वाक्यावर पडत होता. केळीचे पान विस्तवावर मऊ करून त्याने पुडी बांधली, हिराची काडी टोचली, टोपलीत ठेवली आणि वरून पांढरे फडके झाकले.

धुके उठता उठता पाहुणे आणि गावकरी सगळे खाचरांकडे निघाले. बांध अरुंद होता, एकामागे एक चालावे लागत होते. दोन्ही बाजूंना भात कमरेइतके उभे, पानापानावर दंव. मधूनच एखादा पांढरा बगळा उडे आणि कोणीतरी धुक्याचा तुकडा झटकावा तसा दिसे. नुअन पाहुण्यांना पाणी द्यायला म्हणून आली होती. ती सर्वांत मागे, हातात बाटल्यांची पिशवी घेऊन चालत होती. थविनला तिची चाहूल पाठीवर कळत होती, पण त्याने वळून पाहिले नाही.

ठरलेल्या खाचराशी पुरुष आणि पाहुणे बांधावर थांबले. चेममावशी आणि लमैकाकू पाण्यात उतरल्या. मावशीने राखणीसाठी बांबूच्या पट्ट्यांची विणलेली चांदणी काठीला बांधून चिखलात रोवली, तिथेच टोपली टेकवली, हात जोडले, आणि फडके उचलले.

  लमैकाकू टोपलीत वाकली.

“अगं बाई! संत्री कुठंत? ऊस? केळी? तीळ?” तिने हात घालून ढवळले. “नुसते रायआवळे? आणि ही पुडी कसली?” तिने पुडी उघडली, बोट बुडवले, जिभेला लावले. “तिखटमीठ! अरे थविन, भातआई काय झाडाखाली बसून तिखटमीठ लावून खाणार आहे का रे? भाताला कधी मिरची दाखवतात का?”

बांधावर हशा पिकला. बँकॉकचे गृहस्थ हसले, विलाई हसली, आणि काही न कळता उंच पाहुणाही हसला.

“रांधप्याला टोपली दिली की हे असं होतं,” लमैकाकू रंगात आली होती. “तळाशी चाचपलं तर एखादा मासाही निघेल! बायकोचे डोहाळे भाताच्या पदरात घातलेस की रे मेल्या—”

आणि तिथेच तिची जीभ जागच्या जागी थिजली.

हशा विरला.  थविनचे कान तापले. आपण काय बांधून आणले ते त्याला आत्ता, सगळ्या गावासमोर कळत होते. त्याला वाटले, हा बांध फाटावा, पाणी यावे, आपल्याला घेऊन जावे. जे गेल्या कित्येक महिन्यांत तिला सांगता आले नाही, ते आता तिथे उघड्यावर, चिखलात, एका टोपलीत मांडून ठेवलेले होते, आणि जो तो त्यात डोकावत होता.

“मी... मी घरी जाऊन दुसरी आणतो,” तो पुटपुटला.

कोणी उत्तर द्यायच्या आत पाण्याचा चुबुक आवाज झाला. नुअनने पिशवी बांधावर ठेवली होती आणि लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून ती खाचरात उतरली होती. भाताची पाती हातांनी हळूच बाजूला करत ती टोपलीपाशी आली. लमैकाकूच्या हातातली पुडी तिने घेतली. पानाच्या घडीकडे आणि हिराच्या काडीकडे ती बघत राहिली. मग तिने एक रायआवळा उचलला, तिखटमिठात घोळवला, आणि तोंडात टाकला.

“अगं!” लमैकाकू किंचाळली. “आईच्या आधी?”

नुअन चावत होती. आंबटाने तिचा एक डोळा मिटला, खांदे वर आले, जबडा वाकडा झाला. मग दोन्ही डोळ्यांतून पाणी आले. ते आंबटाचे, तिखटाचे की आणखी कशाचे, हे बांधावरून थविनला कळत नव्हते, आणि ते कळण्याचा आपल्याला हक्क आहे असेही त्याला वाटत नव्हते. तिने आठळी तळहातावर काढली. चेममावशी तिच्याकडे बघत होती. तिने नुअनच्या कोपराला हलकेच स्पर्श केला.

“बोलाव,” ती कुजबुजली.

नुअनने पालथ्या हाताने तोंड पुसले.  तिचा आवाज निघाला, तो अजून आंबटाने ओला होता.

“ये गं. भातआई, ये. आंबट आणलंय तुला. मी खाऊन बघितलंय, चांगलं आहे. तिखट जरा जास्त झालंय, पण चालेल तुला.”

तिने टोपली भाताच्या बुंध्याशी सरकवली.

“शेतात असशील, रानात असशील, पाण्यापलीकडं गेली असशील, तिथनं ये. उंदराला भिऊ नकोस. पाखराला भिऊ नकोस. वाऱ्याला भिऊ नकोस. खा, पी, केस विंचर, पावडर लाव. पोटाला जप.” इथवर ती मावशीचेच शब्द म्हणत होती, गाव ते वर्षानुवर्षे ऐकत आले होते. मग तिने वाकून एका फुगलेल्या पोटरीभोवती बोटे धरली, आणि जे म्हणाली ते कोणी कधी ऐकलेले नव्हते. “घट्ट धरून राहा गं. निसटू नकोस. निसटलं तरी... निसटलं तरी तुझी चूक नाही.”

धुक्यातून ऊन उतरत होते. लमैकाकूने तोंडाला पंचा लावला होता. आता एकच वाक्य उरले होते, आणि ते कोणते हे पाहुणे सोडून सर्वांना ठाऊक होते. नुअन थांबली. ती इतका वेळ थांबली, की चेममावशीने स्वतः ते म्हणण्यासाठी श्वास घेतला. थविन भाताकडे बघत होता. तिच्याकडे बघितले तर ते मागितल्यासारखे होईल असे त्याला वाटत होते, आणि तिच्याकडून काही मागून घेतलेले त्याला नको होते.

“दाणा भरला,” नुअन म्हणाली, “की मी येईन तुला न्यायला.” आणि लगेच, जणू कोणी शंका घेतली होती, थोड्या चढ्या आवाजात म्हणाली, “मीच येईन.”

तिने कंगवा घेतला आणि भाताची पाती विंचरायला लागली. मावशीने पावडर उधळली. ती पानांवर बसली, पाण्यावर बसली, नुअनच्या केसांवर आणि गालांवरही बसली.

बांधावर विलाईला कंठ फुटला होता. “पाहिलंत ना? आमच्याकडं ही पद्धतच आहे. हाक मारणारीनं आधी स्वतः चाखायचं. म्हणजे आईला विश्वास येतो. फार जुनी पद्धत!”

“आम्हीही चाखू शकतो का?” बँकॉकच्या बाईने विचारले.

“अर्थात! शुभ असतं!”

टोपली बांधावर आली आणि पाहुण्यांची रांग लागली. उंच पाहुण्याने रायआवळा तोंडात टाकला आणि त्याचा सगळा चेहरा नाकाभोवती गोळा झाला. लमैकाकू डोळे पुसता पुसता खदखदून हसली.

“हिला आवरा कुणीतरी,” ती विलाईकडे बोट करून म्हणाली. “पुढच्या वर्षी आता हे तिखटमीठ आणावंच लागणार बघ.”

“आणू,” चेममावशी कुजबुजली.

परतताना पाहुणे पुढे गेले. थविन रिकामी टोपली घेऊन मागे राहिला, आणि पाय धुवायला थांबलेली नुअन त्याच्याही मागे राहिली. मग ती आली आणि दोघे चालू लागले. तो पुढे, ती मागे. तिने शब्द दिला होता तो भाताला. त्याला नव्हे. हा फरक त्याला नीट कळत होता. तरी त्या शब्दाला हात न लावता, त्याच्या नुसते जवळून चालता येत होते, आणि सध्या त्याला तेवढे पुष्कळ होते.

“उद्या रयोंगला जाऊन येते,” ती मागून म्हणाली. “बहिणीला सांगितलंय, ती वाट बघत असेल.”

“बरं.”

“हे खाचर लवकर पिकतं, नाही? वरचं आहे म्हणून.”

“हो. पाणी आधी ओसरतं.”

“मग लवकर यावं लागेल.”

बांध जिथे कालव्याला मिळतो तिथे रुंद होतो. तिथे ती त्याच्या बरोबरीने आली. तिच्या गालावर पावडर अजून तशीच होती. 

“गाडीत खायला काय बांधू?” त्याने विचारले.

नुअनने खरोखरच विचार केला. चालता चालता, भुवया आक्रसून, पुष्कळ दिवसांत प्रथमच तिला काय खावेसे वाटते आहे, ते शोधल्यासारखा.

“मासा नको, गाडीत वास सुटतो,” ती म्हणाली. “भात बांधा. साधाच. थोडा जास्त.”